सव्वासहाचं गिऱ्हाईक

हिंगोली जिल्हा झाला तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या डोक्यात खोल्या बांधायचं आलं. कलेक्टर येणार, त्यांच्यामागं कचेऱ्या येणार, कचेऱ्यांमागं साहेब आणि कारकून येणार आणि ते सगळे आपल्याच खोलीत राहणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. आमच्या गल्लीत एकानं म्हशी विकल्या आणि गोठ्यात फरशी टाकली. साहेब लोक आले खरे, पण निम्मे नांदेडहून आणि परभणीहून रोज येऊन-जाऊन करू लागले. गोठ्याला भाडेकरू मिळाला नाही आणि म्हशीही गेल्या.

मी ज्यांच्या घरी पोळ्या लाटायला जात होते त्या मालकांनी तर बसस्टँडसमोर तीन मजले चढवले होते. वर बारा ब्लॉक आणि खाली जिन्याजवळ एक ऑफिस. ऑफिसात टेबल, पंखा, गिऱ्हाइकांसाठी बाकडं, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेला एक माणूस. घरात त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. बारापैकी आठ ब्लॉक रिकामे होते आणि त्याचं कारण किल्लीवालाच आहे, असं मालकांचं पक्कं मत होतं. तीन मजले कोणी चढवले, हा विषय घरात निघत नसे.

किल्लीवाल्यावर मुख्य तक्रार वेळेची होती. ऑफिसच्या पाटीवर सात वाजेपर्यंत लिहिलं होतं. पण त्याचं गाव जवळा बाजाराकडचं, तिकडची शेवटची गाडी पावणेसहाची, म्हणून तो साडेपाचलाच कुलूप लावायचा. बदलीची माणसं नांदेडच्या सहाच्या गाडीनं उतरत, समोर कुलूप बघत आणि लॉजवर जात.

तेव्हा मालकांचे जावई पुण्याहून आले होते. ते एका कंपनीत होते आणि तिथं शिकलेली प्रत्येक गोष्ट सासुरवाडीत करून बघायचे. ते म्हणाले, "मामा, त्याला न सांगता तपासा. गुप्त गिऱ्हाईक पाठवायचं. पुण्यात असंच करतात."

"गुप्त म्हंजे?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे गिऱ्हाईक खोटं. खोली बघायला आल्यासारखं दाखवायचं आणि सगळं टिपून आणायचं. तीन वेळा तपासायचं. नापास झाला तर काढून टाकायचा."

काढल्यावर त्या जागी कोण, हेही ठरलं होतं. जावयांचा एक चुलतभाऊ बारावीनंतर घरीच होता.

खोटं गिऱ्हाईक कोण, यावर जेवणं होईपर्यंत खल झाला. जावई म्हणाले, कोणाच्या लक्षात राहणार नाही असं माणूस पाहिजे. मालकीणकाकूंनी आतून हाक मारली, "मंग हिला पाठवा की. दोन वर्षं झाले माझ्या घरात पोळ्या लाटून राहिली, मलाच कधी कधी ध्यानात येत न्हाई."

मी तव्यावरची पोळी उलटली. नाही म्हणायला बाहेर जावं लागलं असतं, आणि बाहेर पुरुष बसले होते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. अक्षर चांगलं म्हणून गुरुजींनी मला फळ्यावर तारीख लिहायला लावली होती. ते काकूंना ठाऊक होतं, म्हणून लिहिण्याचाही प्रश्न सुटला. जावयांनी दहा प्रश्नांचा कागद छापून आणला होता. पहिलाच प्रश्न होता, 'कर्मचाऱ्याने स्मितहास्य केले का?'

मी काकूंच्या कानात विचारलं, काकूंनी जावयांना विचारलं. जावई म्हणाले, "आवाज न करता हसणे."

आमच्या गावी, डोंगरकड्याला, परक्या बाईकडं बघून कोणी असं हसला असता तर त्याच्या घरी माणसं गेली असती. पण मी मान हलवली.

मग तालीम झाली. जावई किल्लीवाला झाले, मी गिऱ्हाईक झाले. मी दारातून आत यायचे आणि तिथंच थांबायचे. चौथ्यांदा जावई म्हणाले, "अहो, आता काहीतरी बोला." मी दोन शब्द बोलले. ते पदरात गेले.

त्यांनी मला एक खोटा नवराही दिला. हा नवरा जिल्हा परिषदेत बदलून आलेला, दोन लेकरं, सध्या मुक्काम कळमनुरीला. त्याला एक नाव दिलं आणि म्हणाले, "नाव विचारलं की हे सांगायचं."

मी पदर दातात धरला.

"अहो, हा तुमचा खरा नवरा नाही. याचं नाव घ्यायला काय हरकत आहे?"

"लाजते ती," काकू म्हणाल्या. "खोटा असला तरी नवराच हाय न तो."

जावयांनी कपाळाला हात लावला आणि कागदावरच्या 'नाव विचारले का?' या प्रश्नावर काट मारली. नऊ प्रश्न राहिले.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नव्या कचेरीत शिपाई होता. तो म्हणाला, "आमच्या हापिसात असलं गिऱ्हाईक पाठवलं तर सगळं हापिस रिकामं व्हईल." आणि कूस बदलून झोपला. माझ्या लिहिण्यावर एका माणसाची नोकरी राहणार की जाणार, हे त्याला काही मोठं वाटलं नाही. मला मात्र रात्रभर तेच सलत राहिलं.

पहिल्या वेळी मी सकाळी अकराला गेले. किल्लीवाला टेबलावर पाय ठेवून कालचा पेपर वाचत होता. पस्तिशीचा असेल. पुढचे केस गेलेले, शर्टाचं एक बटण दुसऱ्या रंगाचं. मी दारात उभी राहिले. दोन पानं उलटून झाल्यावर त्यानं पाहिलं.

"काय पाहिजे?"

"खोली."

"कोन लोकं तुमी?"

हे कागदावर नव्हतं. मी सांगितलं.

"मालक कुठंयत तुमचे?"

"कामावर."

"मंग त्यायला घेऊन या. बाईमाणसाला एकटीला खोली दावत न्हाई आमी. उद्या घरी जाऊन तुमी म्हनसाल मोरी लहान हाय, अन् ते येऊन म्हनतील मोठी हाय. मला डबल तकलीफ."

पण बोलता बोलता त्यानं पाय खाली घेतले आणि पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवलं. कागदात पंख्याचा प्रश्न नव्हता.

आता मला भाडं, पाणी, लाईट असं विचारायचं होतं. भाड्याचं बोलायला माझी जीभ उचलेना. पैशाचं बोलणं पुरुषाचं, असंच मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून मी कागदावरचे बाकीचे प्रश्न विचारले. ते पाठ होते.

"तुमी किती वाजता येता?"

"दहाला."

"जाता किती वाजता?"

"साडेपाचला. काहून?"

"इथं एकलेच असता का?"

"एकलाच."

"घरी कोन कोन हाय?" हा प्रश्न कागदावर नव्हता. पण एवढं विचारल्यावर तेवढं न विचारणं मला बरं दिसेना.

"आई हाय," तो म्हणाला आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. माझ्याकडं नीट बघितलं. मी घाबरले, वाटलं ओळखलं. गुरुवारी येते म्हणाले आणि भाडं न विचारताच निघाले.

घरी येऊन कागद भरला. स्मितहास्य, नाही. पाणी दिले, नाही. खोली दाखवली, नाही. खरं तेच लिहिलं. मालक म्हणाले, "बघा! मी म्हणत होतो का न्हाई?" जावयांनी त्या रात्री चुलतभावाला फोन लावला.

गुरुवारी गेले तर ऑफिस ओळखू येईना. टेबल पुसलेलं. भिंतीवर गणपतीचं नवं कॅलेंडर. किल्लीवाल्याच्या डोक्याला तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं एका रंगाची. मला बघताच तो उठून उभाच राहिला.

"या ताई, बसा. पानी घ्या. चहा सांगतो."

आणि हसला. आवाज न करता. मी मनातल्या मनात खूण केली.

चहा आला, तोही बशीसकट. मग न विचारता तो बोलायला लागला. गावाकडं दोन एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन घेतो. घर पत्र्याचं, पण पुढं स्लॅब टाकायचा विचार आहे. एक बहीण होती, ती दिली. दारू नाही, तंबाखू नाही. असं म्हणताना खिशातून डोकावणारी पुडी त्यानं बोटानं आत ढकलली.

मला वाटलं, भाडेकरूचा विश्वास बसावा म्हणून सांगत असेल. पुण्याला असंच करत असतील.

"तिकडं शिक्षण किती झालंय?" त्यानं एकदम खाली बघून विचारलं.

"चौथी," मी माझं सांगितलं.

"चौथी बी बस झालं," तो म्हणाला. "आमच्या आईची सही बी न्हाई. घर बराबर चालवते."

खोलीचं नावही निघालं नाही. मीही काढलं नाही. उठताना जावयांनी सांगितलेलं वाक्य म्हटलं, "आता पुढच्या गुरुवारी पाचला येते."

"पाचला? मी हायच," तो म्हणाला आणि जिन्यापर्यंत सोडायला आला.

या वेळी कागदावर खुणाच खुणा. फक्त 'खोली दाखवली का' यापुढं नाही. मालक चक्रावले. "आठ दिवसांत मानूस येवढा सुधारला?"

"मामा, ही पद्धतच तशी आहे," जावई म्हणाले. "आपल्याला कोणी बघतंय असा नुसता वास आला तरी माणूस सुधारतो." चुलतभावाला मात्र त्यांनी अजून थांब असंच सांगितलं. कारण खरी परीक्षा तिसरी होती. पाचला येते म्हणायचं आणि जायचं सव्वासहाला. पावणेसहाची गाडी सोडून किल्लीवाला थांबतो का, ते बघायचं. कुलूप दिसलं की त्याच दिवशी हिशोब मिटवायचा. मला वाक्यही दिलं, 'कळमनुरीहून येताना गाडी बंद पडली.'

त्या गुरुवारी मी साडेचारलाच बसस्टँडवर बायकांच्या बाकड्यावर जाऊन बसले. तिथून ऑफिसचं दार दिसत होतं. पाच वाजले. किल्लीवाला दोनदा बाहेर येऊन रस्त्याकडं बघून गेला. साडेपाच झाले. जवळा बाजाराची गाडी लागली, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागली. मी पदर तोंडावर घेऊन मनात म्हणत होते, जाऊ नको बाबा, थांब. पावणेसहाला गाडी हलली. तो त्या गाडीत नव्हता. मला एवढा आनंद झाला की मी तशीच उठून जाणार होते. पण सव्वासहा म्हणजे सव्वासहा, असं जावयांनी दोनदा सांगितलं होतं. माणूस गाडी सोडून माझी वाट बघतोय आणि मी रस्त्याच्या पलीकडं बसून घड्याळ बघतेय, असा अर्धा तास गेला.

मी ऑफिसाच्या पायरीशी आले तर दारात एक नर्स उभी होती. पांढरी साडी, पत्र्याची पेटी, वळकटी. सरकारी दवाखान्यात बदलून आलेली, नांदेडच्या गाडीनं आत्ताच उतरलेली. किल्लीवाला दार अडवून उभा होता.

"आज बंद झालं, सिस्टर. उद्या या."

"पाटीवर सात लिहिलंय."

"पाटी जुनी हाय."

"रंग तर ओला दिसतो."

"सिस्टर, समजून घ्या न. घरचे पाव्हने येऊन राहिले."

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "आले! आई, आले बघ!"

बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. नवं लुगडं, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. पुढ्यात झाकलेली ताटली. मी आत गेले. नर्स बाहेर पेटीवर बसली.

"कळमनुरीहून येताना गाडी बंद पडली," मी म्हणाले. माझं वाक्य माझ्या कानाला दगडासारखं लागलं.

"असू दे माय. गाडीचं काय खरं हाय," म्हातारी म्हणाली आणि सरकून जागा केली. ताटलीवरचं फडकं काढलं. मुरमुऱ्याचा चिवडा होता, वर खोबऱ्याचे काप. "खा. मीच केला. हा म्हने विकतचा आनू. मी म्हनलं, विकतचं काय ठिवतू पुढ्यात? त्यायला आपल्या घरची चव कळू दे."

मी चिमूटभर घेतला.

"मंग पोरगी तुमची कोन? बहीन का पुतनी?"

आणि मला सगळं एकदम कळलं. आमच्याकडं मुलाची चौकशी अशीच होते. मुलीकडची एखादी मावशी नाहीतर आत्या भलत्याच कामाचं निमित्त काढून येते. माणूस कामावर कधी जातो, कधी येतो, घरी कोण कोण आहे, हे विचारते आणि ज्या कामाला आली ते न करताच निघून जाते. डोक्यावर पदर, एकटी, खोली मागते पण भाडं विचारत नाही. किल्लीवाल्यानं आणखी दुसरं काय समजायचं? पस्तीस वर्षांत त्याच्या चौकशीला कोणी आलं नसेल. आता आलं तर ते जावयांचे नऊ प्रश्न घेऊन.

म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती. पिशवीत हात घातला, तिसरा कागद काढला आणि किल्लीवाल्याच्या हातात दिला. बोलता येत नव्हतं म्हणून दिला. त्यात धाडस काही नव्हतं.

तो उभ्यानं वाचायला लागला. वर मालकांच्या बिल्डिंगचं नाव छापलेलं होतं. खाली कर्मचारी, गिऱ्हाईक, स्मितहास्य. वाचताना त्याचा अंगठा शेवटच्या प्रश्नावर येऊन थांबला. 'हा कर्मचारी कामावर ठेवण्यास योग्य आहे का?'

"काय लिवलंय रे?" म्हातारीनं विचारलं. "पत्रिका हाय का?"

"व्हय," तो म्हणाला.

"मंग?"

त्यानं कागदाची घडी घातली. "जुळत न्हाई, आई."

म्हातारीनं ताटलीवर फडकं परत घातलं. मग म्हणाली, "न्हाई तर न्हाई. त्यात त्या माउलीचा काय दोष? तिला पानी दे आधी."

त्यानं मला पाणी दिलं, कागद परत दिला आणि खिळ्यावरचा जुडगा काढून बाहेर गेला. "चला सिस्टर, वरचा ब्लॉक दावतो. मोरी जरा लहान हाय, आधीच सांगतो." नर्सची पेटी त्यानंच खांद्यावर घेतली.

मी आणि म्हातारी बसून राहिलो. वर कुलूप उघडल्याचा, खिडक्या लोटल्याचा आवाज येत होता. "तुमचं बी अवघड झालं," ती म्हणाली. "आता कळमनुरीला गाडी हाय का तुमाला? आमी आज इथंच बाकड्यावर पडतो. तुमी बाईमाणूस." मी म्हटलं, आहे. तिनं उरलेला चिवडा कागदात बांधून मला दिला.

घरी बसून कागद भरायला घेतला. 'उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला वेळ दिला का?' हा प्रश्न मी चारदा वाचला. खोट्या गिऱ्हाइकाला भरपूर वेळ दिला होता. खऱ्याला आधी हाकललं होतं, पण नंतर पेटी उचलून वर नेलं होतं. यातलं कोणतं गिऱ्हाईक ते कागदात नव्हतं. शेवटी मी एकाही प्रश्नापुढं खूण केली नाही. खाली 'इतर शेरा' म्हणून दोन रेघा होत्या. त्यावर लिहिलं, 'उशिरा आलेल्या बाईला खोली मिळाली. तो गाडी सोडून थांबला होता. उशीर मी मुद्दाम केला. त्याला काढू नये.'

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "शेरा धरत नाहीत. खुणा कुठं आहेत?"

मालकांनी कागद घेऊन मोठ्यानं वाचला. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. "त्याला काढू नये," त्यांनी पुन्हा वाचलं आणि आत बघून विचारलं, "काहून?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मग मी बोलले. खाली बघून बोलले, पण बोलले. तो मला मुलीकडची समजला, एवढं सांगितलं. काकू हसून हसून ओट्याला टेकल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई काही हसले नाहीत, कारण पद्धतीमुळं माणूस सुधारला असं त्यांनी पुण्याला कळवून टाकलं होतं. लुगड्याचं, चिवड्याचं, म्हातारीचं मी काही सांगितलं नाही. आणखी हसले असते.

"ब्लॉक तर लागला न एक," मालक डोळे पुसत म्हणाले. "राहू द्या त्याला. पन सातपर्यंत बसंल. गाडीचं सांगू नको म्हना. जिन्याखालची खोली देतो, तिथं झोपंल." जावयांनी ते आपल्या वहीत सुधारणा म्हणून लिहून घेतलं आणि चुलतभावाला सोलापूरला कुठंतरी चिकटवलं.

किल्लीवाल्याची नोकरी राहिली. रोज गावी जाणं गेलं. आता तो फक्त शनिवारी जायचा. जिन्याखालच्या खोलीत उभं राहिलं की डोकं लागतं, असं मी ऐकलं. कोणी कितीही वाजता आलं तरी तो उठून उभा राहतो, पाणी देतो आणि आधी हात बघतो, कागद आहे का, असंही ऐकलं.

मी त्या रस्त्यानं जाणं टाळत होते. पण एका शनिवारी डोंगरकड्याला जायचं म्हणून बसस्टँडवर उभी होते, तर तो जवळा बाजाराच्या गाडीपाशी हातात पिशवी घेऊन उभा. मी पदर ओढला. त्यानं ओळखलंच. आधी दुसरीकडं बघितलं, मग दोन पावलं पुढं आला.

"आई सारखी विचारते," तो म्हणाला. "त्या दिवशी त्या बाईला गाडी भेटली का म्हनते. रातभर झोपली न्हाई."

कळमनुरीला मी गेलेच नव्हते. माझं घर तिथून दहा मिनिटांवर होतं, आणि हे त्याला आता ठाऊक होतं.

"भेटली म्हना," मी म्हणाले. "बसायला जागा बी भेटली."

"सांगतो," तो म्हणाला आणि गाडीत चढला.